फक्त गिफ्ट्स आहेत हो, साहेब!

'येताना काय आणशील?'

परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे हा प्रश्न 'कधी निघणार?'च्याही आधी विचारतात. मे 2019 मध्ये ऑफिसनं मला तीन आठवड्यांसाठी दुबईला पाठवायचं ठरवलं, तेव्हा व्हिसा हातात यायच्या आधी यादी हातात आली. दादाला फोन. वहिनीला पर्स, 'फार चकचकीत नको गं, पण ब्रँडेड बघ.' बाबांना घड्याळ (हे आईनं सांगितलं, बाबा असं काही मागत नाहीत). आत्याला परफ्यूम, भाच्यांना चॉकलेट्स, शेजारच्या काकूंना केशर. आईनं स्वतःसाठी काहीच सांगितलं नाही. म्हणजे तिच्यासाठी काहीतरी आणणं कम्पल्सरी!

पहिली परदेशवारी, खात्यात तेव्हा बऱ्यापैकी पैसे आणि समोर दुबईचे मॉल. दोन वीकएन्डमध्ये यादी फत्ते झाली. फोन 62 हजार, घड्याळ 14 हजार, पर्स 8 हजार आणि बाकीचं किडुकमिडुक मिळून आणखी 8 हजार. सगळं रुपयांत धरलं तर बेरीज 92 हजार. अर्थात ही बेरीज मी तेव्हा केलीच नव्हती. गिफ्ट्सची कुणी बेरीज करतं का?

एक तोळ्याची चेन

आमच्या तिथल्या ऑफिसमध्ये एक सीनियर होते, मूळचे साताऱ्याकडचे. सगळं मराठी पब्लिक त्यांना काका म्हणायचं. शारजाला राहायचे आणि दर शुक्रवारी आम्हा नवीन पोरापोरींना घरी जेवायला बोलवायचे. पिठलं-भाकरी, ठेचा, वर ताक. तीन आठवड्यांत मी त्यांच्याकडे तीनदा जेवले.

निघायच्या आदल्या शुक्रवारी जेवण झाल्यावर त्यांनी एक लहानशी मखमली डबी समोर ठेवली. आत सोन्याची चेन. एक तोळ्याची, नवीकोरी.

'आईसाठी घेतलीये. पंच्याहत्तरावं लागलं तिला. माझं दोन वर्षं काही जाणं झालं नाही. तू गळ्यात घालूनच जा ना. मुलीच्या गळ्यातल्या चेनला कोण विचारतंय? दादरला माझा भाचा येऊन घेऊन जाईल.'

ज्या माणसाच्या घरचा ठेचा खाल्लाय त्याला नाही कसं म्हणणार? मी 'उद्या सांगते काका' एवढंच म्हटलं आणि हॉटेलवर येऊन आयुष्यात पहिल्यांदा कस्टम्सचे नियम वाचले. रात्री एक वाजेपर्यंत!

तेव्हा लागू होते 2016 चे बॅगेज रूल्स. त्यांत दोन गोष्टी सापडल्या. एक, परदेशातून विमानानं परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला 50 हजार रुपयांपर्यंतचं नवं सामान ड्युटी न भरता आणता येत होतं. आपले वापरातले कपडे वगैरे या हिशेबात नसतात आणि 18 वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा आणता येतो. दोन, सोन्याच्या दागिन्यांची एक खास सवलत होती, पण ती वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी. बायकांना 40 ग्रॅम, पुरुषांना 20 ग्रॅम, वर किमतीची मर्यादा होती ती वेगळी.

म्हणजे तीन आठवडे फिरायला आलेल्या मला ती सवलत नव्हती. आणि गंमत म्हणजे, ती काकांना होती! ज्या चेनसाठी ते माझा गळा शोधत होते, ती ते स्वतः खिशात घालून राजरोस नेऊ शकत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हेच सांगितलं. 'काका, मी नेली तर ती लपवून नेल्यासारखी होईल. तुम्ही नेली तर हक्कानं नेता येईल. तुम्हीच जा ना.'

काकांचा चेहरा पडला. 'असू दे गं,' म्हणाले आणि डबी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. पुढचे चार दिवस ऑफिसात ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला खूप वाईट वाटलं. पण मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. काय प्रामाणिक मुलगी!

हिरवा की लाल?

पहाटे साडेतीनला विमान उतरलं. डोळ्यांवर झोप, ट्रॉलीवर दोन बॅगा. पट्ट्यावरून सामान घेऊन पुढे आलं की तो प्रसिद्ध दुरस्ता लागतो. ज्याच्याकडे ड्युटी लागण्यासारखं काही नाही त्यानं ग्रीन चॅनेलमधून जायचं, ज्याच्याकडे आहे त्यानं रेडमधून. ग्रीनकडे माणसांचा लोंढा. रेडकडे चिटपाखरू नाही.

माझी पावलं आपोआप ग्रीनकडे वळली. फोन खोक्यातून काढून हॅण्डबॅगेत ठेवला होता. खोकं कपड्यांच्या खाली. हा सल्ला ऑफिसमधल्या एका 'अनुभवी' मुलाचा. आणि तेवढ्यात डोक्यात ट्यूब पेटली. काकांना मी काय मोठं लेक्चर देऊन आले होते? आणि आता हे काय चाललंय? त्यांची चेन गळ्यात घालणं म्हणजे लपवणं आणि दादाचा फोन खोक्यातून काढणं म्हणजे पॅकिंग?

तिथंच, ट्रॉलीवर टेकून, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मी ती न केलेली बेरीज केली. 92 हजार. मर्यादेच्या वर 42 हजार.

दोन मिनिटं नुसती उभी राहिले. मागून एक काकू 'चला ना पुढे' म्हणाल्या. मी ट्रॉली वळवली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी प्रामाणिकपणापेक्षा भीतीच जास्त होती. ग्रीनमधून जाताना अडवलं तर काय होतं, तेही त्या रात्री वाचलं होतं. कस्टम्स अ‍ॅक्ट 1962 चा. कलम 77 म्हणतं, बॅगेत काय आहे ते प्रवाशानं स्वतः जाहीर करायचं. ग्रीनमधून जाणं म्हणजे 'माझ्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही' असं जाहीर करणंच. ते खोटं निघालं, की वस्तू जप्त होऊ शकते, दंड होऊ शकतो आणि प्रकरण मोठं असेल तर थेट खटला.

रेड चॅनेलवरच्या अधिकाऱ्यानं झोपाळू डोळ्यांनी वर पाहिलं.

'काय आहे?'

'फक्त गिफ्ट्स आहेत हो, साहेब! घरच्यांसाठी.'

'मॅडम, गिफ्ट असा कॉलम नसतो आमच्याकडे. वस्तू सांगा, बिलं दाखवा.'

बस्स. माझ्या सगळ्या कन्फ्युजनचं उत्तर या एका वाक्यात होतं. तुम्ही ती वस्तू स्वतःसाठी आणलीत की आत्यासाठी, विकत घेतलीत की कुणी प्रेमानं दिली, कस्टम्सला देणंघेणं नाही. तुमच्या बॅगेत आहे ना? मग ती तुमची आणि तिची किंमत तुमच्या हिशेबात.

बिलं होती, म्हणून हुज्जत झाली नाही. 42 हजारांवर 35 टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर 10 टक्के अधिभार, म्हणजे एकूण 38.5 टक्के. रक्कम 16,170 रुपये. कार्ड घासलं, पावती घेतली आणि बाहेर आले. अर्धा तास गेला असेल. कुणी ओरडलं नाही, कुणी बॅग उपसली नाही. उलट पावती देताना साहेब म्हणाले, 'स्वतःहून आलात, बरं केलंत.'

घरचं न्यायालय

खरी सुनावणी घरी झाली.

'सोळा हजार?' दादा ओरडलाच. 'अगं, 62 अधिक 16! हाच फोन इथं दुकानात पंच्याहत्तरला मिळतोय. ग्रीननं यायचं ना सरळ! सगळे तसेच येतात.' वहिनी पर्स उघडून बघायची थांबली. आई 'जाऊ दे रे, पोर दमून आलीये' म्हणत चहा टाकायला उठली. मी रडकुंडीला आले होते. एवढं करून मीच मूर्ख?

बाबा घड्याळाची डबी हातात घेऊन बसले होते. माझे बाबा महापालिकेच्या जकात नाक्यावर 31 वर्षं होते. जकात आता इतिहासजमा झालीय, अगदी मुंबईतलीसुद्धा 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर गेली. पण बाबांच्या बोलण्यातून नाका काही जात नाही.

'नाक्यावर आम्हाला एक वाक्य रोज पन्नासदा ऐकायला मिळायचं,' ते म्हणाले. 'घरगुती सामान आहे हो, साहेब. त्यातले बरेचसे खरंच बोलायचे. पण जे दोन-चार खोटं बोलायचे ना, त्यांच्यापायी सगळ्यांच्या टेम्पोची ताडपत्री उचलावी लागायची. पहाटे, पावसात.' मग दादाकडे बघून, 'तुझा फोन आहे. पावती तिनं भरलीये. काय ते तुमचं तुम्ही बघा.'

दादा काही बोलला नाही. फोन मात्र लगेच चार्जिंगला लावला!

त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळलं तेव्हा दादानं ताटात पाकीट टाकलं. दरवर्षीपेक्षा जाड. आत 16,171 रुपये. 'वरचा एक शकुनाचा,' म्हणाला. आमच्या घरात सॉरी असंच म्हणतात.

आधी गणित, मग शॉपिंग

तेव्हापासून मित्रमैत्रिणींमध्ये मी कस्टम्सची स्वयंघोषित सल्लागार झालेय. कुणी बँकॉकला निघो की बोस्टनला, फोन मला येतो. तर मंडळी, सगळ्यांना सांगते तेच इथं सांगते.

मर्यादा वाढलीय. ही मर्यादा 2014 मध्ये 35 हजारांवरून 45 हजारांवर गेली, 2016 मध्ये 50 हजारांवर आणि फेब्रुवारी 2026 मध्ये आलेल्या नव्या बॅगेज रूल्समध्ये ती 75 हजार झाली. म्हणजे माझी तीच 92 हजारांची बॅग आज आणली, तर जादा फक्त 17 हजार. तेव्हाचाच दर धरला तर ड्युटी 6,545 रुपये. हिशेब आपल्या मर्यादेच्या वरच्या रकमेवर होतो, सगळ्या रकमेवर नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. म्हणून उगाच घाबरतात आणि घाबरून लपवतात.

तुझं-माझं जोडता येत नाही. 'आम्ही दोघं आहोत, म्हणजे दुप्पट' हा नवरा-बायकोंचा लाडका गैरसमज. प्रत्येकाची सवलत त्याची त्याची. सव्वा लाखाचा एक कॅमेरा दोघांच्या नावावर अर्धा-अर्धा दाखवता येत नाही.

सोन्याचं गणित वेगळं. वर्षाहून जास्त काळ बाहेर राहून येणाऱ्यांसाठी 40 आणि 20 ग्रॅमची सवलत अजून आहे. 2026 च्या नियमांनी तिच्यावरची किमतीची अट मात्र काढून टाकली. सोन्याचे भाव बघता ती अट निरर्थक झालीच होती. पण ही सवलत दागिन्यांना आहे, नाणं किंवा बिस्किटाला नाही. आणि आठ दिवसांच्या ट्रिपवर गेलेल्यांना ती लागूच होत नाही. उलटा सल्लाही लक्षात ठेवा. लग्नाला म्हणून आपलेच जाडजूड दागिने घालून परदेशी निघाला असाल, तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून त्याचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. येताना 'हे आमचंच आहे' हे सिद्ध करायला तेवढा एक कागद पुरतो.

बाटली मोजून. दारू 2 लिटर. सिगारेटी 100. आपल्याकडे उतरल्यावर ड्युटी फ्रीमधून उचललेली बाटलीही त्या 2 लिटरमध्येच धरली जाते. जाताना दोन, येताना दोन असा हिशेब करणारा माझा एक मित्र अजून या मुद्द्यावर रुसलेला आहे.

टीव्हीचा मोह सोडा. एके काळी दुबई-बँकॉकहून येणाऱ्या विमानांत माणसांपेक्षा फ्लॅट टीव्ही जास्त असावेत अशी स्थिती होती. 26 ऑगस्ट 2013 पासून टीव्ही या सवलतीतून बाहेर काढला. त्यानंतर त्या पट्ट्यावरची आडवी खोकी एकदम दिसेनाशी झाली.

ड्रोन, व्हेप आणि ट्यूलिप. भाच्यासाठी मस्तपैकी ड्रोन आणू? नको! फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. ई-सिगारेट 2019 पासून बंद. अ‍ॅमस्टरडॅमहून आईच्या कुंडीसाठी ट्यूलिपचे कंद आणायचा विचार असेल, तर रोपं, बिया, कंद यांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. आईला फ्रिजचा मॅग्नेट आणा. तिला तोही चालतो.

'मग कुरियर करते' हा उपायही आता चालत नाही. पोस्टानं, कुरियरनं येणाऱ्या 5 हजारांपर्यंतच्या गिफ्टला पूर्वी माफी होती. डिसेंबर 2019 मध्ये ती बंद झाली. अपवाद ठेवले दोनच. जीवरक्षक औषधं आणि राखी! आपल्या सरकारी कागदांत असं काही वाचलं, की मला फार बरं वाटतं.

आणि शेवटचं. बिलं जपा. खरेदी करताना इथली किंमत बघा, तिथली किंमत अधिक ड्युटी बघा, मगच कार्ड काढा. कित्येकदा तीच वस्तू आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर स्वस्त पडते, शिवाय वॉरन्टी इथली मिळते. दादा चुकीचं बोलत नव्हता. फक्त हे गणित त्यानं आणि मी दुबईला जायच्या आधी करायला हवं होतं.

दुसऱ्याचं 'छोटंसं पाकीट'

नियम पाठ होतात हो. खरं अवघड असतं ते नाही म्हणणं. 'एवढंसं पाकीट आहे, ठेव ना बॅगेत' असं म्हणणारा बहुतेक वेळा आपलाच कुणीतरी असतो. त्याच्या मनात पाप नसतं. पण बॅगेवरचा टॅग आपल्या नावाचा असतो आणि 'हे माझं नाही, त्या काकांचं आहे' हे वाक्य काऊंटरवर ऐकून घेतलं जात नाही. पाकिटात काय आहे ते उघडून बघता येत नसेल तर घ्यायचं नाही. बघितलं आणि पटलं तरी आपल्या मर्यादेत बसत नसेल तर एक तर जाहीर करायचं, नाही तर घ्यायचं नाही. मैत्री तुटली तर? हा प्रश्न मला त्या चार दिवसांत फार छळून गेला होता.

सप्टेंबर 2019 मध्ये, गणपतीत, एका रात्री मला साताऱ्याहून फोन आला. काका!

'आलोय गं गावी. दहा दिवसांची रजा टाकली. चेन स्वतः घेऊन आलो. खिशात बिल, हातात डबी, विचारायला गेलो तर साहेब म्हणाला, तुम्हाला सूट आहे, जा. आत्ता आईच्या गळ्यात घातली. बघ, तुझ्याशी बोलायचंय म्हणतेय.'

आजी फोनवर काय बोलल्या ते निम्मं मला कळलंच नाही. मागे आरती चालू होती, झांजा वाजत होत्या. 'लेकरू आलं बघ' एवढं मात्र दोनदा ऐकू आलं. चेनचा विषयही त्यांनी काढला नाही.

पुढच्या मार्चमध्ये विमानंच थांबली. काकांना 2020 चं सबंध वर्ष येता आलं नाही. 2021 च्या सुरुवातीला आजी गेल्या. काकांनी मोबाईलवर सगळं पाहिलं, शारजातल्या त्याच खोलीत बसून, जिथं आम्ही पिठलं-भाकरी खायचो.

बऱ्याच दिवसांनी आम्ही बोललो तेव्हा ते म्हणाले, 'पोरी, तेव्हा तू चेन नेली असतीस ना, तर मी त्या गणपतीला गेलोच नसतो. चेन पोचली, काम झालं, असं म्हणून इथंच बसलो असतो.'

मी काही बोलू शकले नाही.

परवा ऑफिसमधली एक ज्युनिअर पहिल्यांदा सिंगापूरला निघाली. यादी घेऊन माझ्याकडे आली. भली मोठी! मी तिला कॅल्क्युलेटर काढायला लावला, 75 हजारांची रेघ मारून दिली आणि रेघेखालचं सगळं इथंच घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, 'पण मॅम, गिफ्ट्सच आहेत ना सगळी?'

मी म्हटलं, 'गिफ्ट असा कॉलम नसतो गं.'